साथ येते ती वाडीत: जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास खुले पत्र

मा. अध्यक्ष व सदस्य,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

(जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. दापोलीपासून दोडामार्गापर्यंत ज्या कार्यालयाला हे आपल्यालाच आहे असं वाटेल, त्याने ते आपल्यालाच आलं आहे असं समजावं.)

महोदय,

ग्रामपंचायतींकडे 'गाव साथरोग आराखडा' या नावाचा एकपानी नमुना आला आहे. एकूण लोकसंख्या, कुटुंबांची संख्या, प्राथमिक आरोग्य केंद्राचं अंतर, विलगीकरणासाठी शाळेच्या खोल्या, ऑक्सिजन सिलिंडरची संख्या आणि सरपंच-ग्रामसेवक-आशा यांचे फोन. सहा रकाने, खाली सही-शिक्का, पंधरा दिवसांत परत. हाच कागद घाटावरच्या कुठल्याही गावाला, अक्षर न बदलता चालेल. तक्रार तीच आहे.

आम्ही म्हणजे उपकेंद्रांतले आजी-माजी आरोग्यसेवक आणि सेविका, आशा, कोरोनाच्या काळात गावोगाव नेमलेल्या ग्राम कृती दलांचे तेव्हाचे सदस्य आणि मच्छीमार सोसायट्यांचे कारकून. 2020 आणि 2021 मध्ये जे जे आराखड्यात नव्हतं ते आमच्या अंगावर आलं. पुढची साथ आली की पहिला फोन आम्हालाच येणार. म्हणून हा कागद गपचूप भरून द्यायला हात होत नाही.

पहिल्याच रकान्यापासून सुरुवात करू. एकूण लोकसंख्या किती, हा प्रश्न कोकणात महिना सांगितल्याशिवाय विचारता येत नाही. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, सिंधुदुर्गात 1036. दोन्ही जिल्ह्यांची माणसं 2001 पेक्षा कमी झालेली. कर्ता पुरुष मुंबई-ठाण्याकडे, गावात म्हातारी माणसं, सुना आणि शाळकरी पोरं. तेच गाव शिमग्याला आणि गणपतीला भरतं, मे महिन्यात परत भरतं आणि जूनच्या पहिल्या पावसाबरोबर रिकामं होतं. मुंबईत साथ आली की माणूस कोकणात येतो, हेही आजचं नाही. 1896 साली मुंबईत प्लेग सुरू झाला तेव्हा लोक आगबोटीने इथल्या बंदरांत उतरले. 1998 पासून कोकण रेल्वे आली. वाहन बदललं, येणारा तोच.

9 मार्च 2020 ला होळी होती. राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले तेही त्याच दिवशी. पालख्या सजल्या होत्या, गावं भरली होती, पालखी ठेवायच्या सहाणेवर माणसाला माणूस खेटून उभं होतं. विषाणू दोन आठवडे आधी आला असता तर काय झालं असतं याचा हिशेब कुठल्याही आराखड्यात आम्हाला दिसला नाही. त्या वर्षी गणेश चतुर्थी 22 ऑगस्टला होती. 12 ऑगस्टच्या आत येणाऱ्याने दहा दिवस विलगीकरणात राहावं, त्यानंतर येणाऱ्याने आधी चाचणी करून यावं, असा नियम निघाला. शास्त्राला धरून होता, रजेला धरून नव्हता. खासगी नोकरीतल्या माणसाला दहा दिवस विलगीकरण, वर सण आणि परतीचा प्रवास एवढी रजा कोण देणार? नियम करणाऱ्याने एकदा तरी गावाच्या मुंबई मंडळाच्या सेक्रेटरीला फोन करायला हवा होता. जवळपास प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ असतं, आणि कोण कुठल्या चाळीत राहतो, कोण कोणत्या गाडीने येणार, कोणाचं घर गळतंय म्हणून यंदा येणार नाही, हे त्याच्या वहीत असतं. सरकारी पासच्या यादीपेक्षा ती वही ताजी असते. चाचणी गावच्या वेशीवर न करता डोंबिवली-नालासोपाऱ्याला, निघण्याच्या ठिकाणी झाली, तर बाधित माणूस गाडीत बसायच्या आधीच कळतो. वेशीवर कळेपर्यंत तो बारा तास पन्नास जणांबरोबर एका एसटीत बसलेला असतो.

गणपतीचं आणखी एक गणित. वीस घरांच्या वाडीत आरतीचा घोळका घरोघर फिरतो. प्रत्येक घरी पंधरा मिनिटं धरली तरी पाच तास. बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या लावलेल्या. माजघरात पंचवीस माणसं, सगळी खड्या आवाजात गाणारी, टाळ-मृदंग हातोहात फिरणारे. हवेतून पसरणाऱ्या आजाराला याहून सोयीची जागा नाही. 'धार्मिक कार्यक्रमांत गर्दी टाळावी' एवढ्या वाक्याने हे सुटत नाही, कारण वाडीतल्या कुणालाही ही गर्दी वाटतच नाही, ती आरती असते. 'आरती खळ्यात, मांडवाखाली, घरात फक्त घरची माणसं' असं सांगितलं की लोक ऐकतात. सांगणारा मात्र मानकरी नाहीतर भजनी बुवा हवा. तहसीलदारांच्या सहीचा कागद देवळाच्या खांबाला चिकटतो आणि पावसाने गळून पडतो.

विलगीकरणाच्या रकान्यात शाळेच्या खोल्या मागितल्या आहेत. 2020 च्या मे महिन्यात हेच केलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेला दोन वर्ग, एक मुतारी, पाण्याची टाकी कोरडी, आणि तिथे चार निरनिराळ्या दिवशी आलेली चार कुटुंबं. चौदा दिवसांचं घड्याळ शेवटच्या माणसाने परत शून्यावर आणलं. आणि त्याच वेळी प्रत्येक वाडीत दोन-चार घरं कुलूपबंद होती. कोकणात बंद घरांना तोटा नाही. घर सुटं असतं, स्वतःचं परसू असतं, न्हाणी-संडास वेगळा असतो. किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. लागतं काय तर मालकाची लेखी परवानगी, वीजजोडणी चालू असल्याची खात्री, विहिरीवरून पाणी आणून देणारा एक माणूस, आणि ओट्यावर ताट ठेवून मागे फिरायची शिस्त. मालक मुंबईत असतो, परवानगी मंडळामार्फत एका दिवसात मिळते. पण ती साथीच्या आधी घेतलेली असावी. साथीत मागायला गेलं की 'आमच्या घरात नको' हेच उत्तर येतं, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

आता सिलिंडर. नमुन्यात लिहायचं, 'सिलिंडर: 2'. यावरून काहीही कळत नाही. आम्हाला मिनिटं लिहायची आहेत. बी प्रकारच्या लहान सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 5 लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो पाच तास पुरतो, 10 लिटर लागणाऱ्याला अडीच तास. त्यातला पाचवा हिस्सा हातचा म्हणून सोडायचा, म्हणजे खरे चार तास आणि दोन तास. आता डोंगरकुशीतली वाडी घ्या. पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, डोलीतून खाली रस्त्याला यायला पाऊण तास. रुग्णवाहिका लांबच्या केंद्रातून निघालेली असेल तर तासभर वाट. पुढे जिल्हा रुग्णालयापर्यंत दोन तास. पावणेचार तास झाले, आणि 10 लिटरवरचा रुग्ण एका सिलिंडरवर निम्म्या वाटेपर्यंतच पोचतो. मोठ्या जम्बोत सुमारे 7000 लिटर असतात, पण तो भरलेला जम्बो पाखाडीवरून कोण नेणार? तो रुग्णवाहिकेत आणि केंद्रातच शोभतो. डोलीला चार खांदे लागतात, बदलीला आणखी चार. ज्या वाडीत साठीच्या आतले पुरुष तीन आहेत, तिथे हा हिशेब सिलिंडरच्या आधीच फसतो. म्हणून रकाना हवा तो असा: जवळचा गाडीरस्ता किती पावलांवर, मधे साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) आहे का, तो पावसात पाण्याखाली जातो का, आणि उचलायला माणसं किती.

बिघडतं ते बारीकसारीक ठिकाणी. सिलिंडर उघडायची चावी दोरीने सिलिंडरलाच बांधलेली नसते, ती कपाटात असते आणि कपाटाची किल्ली रजेवर. लहान सिलिंडरचा रेग्युलेटर जम्बोला बसेलच असं नाही, मधला वायसर झिजलेला असतो आणि रात्रभर सूं-सूं करत अर्धा सिलिंडर हवेत जातो. ऑक्सिमीटर गार, ओल्या बोटावर चुकीचा आकडा दाखवतो. लावणीच्या चिखलातून आलेल्या बाईचा हात धुऊन, पुसून, चोळून गरम केल्याशिवाय 88 आकडा बघून धावपळ करू नये. आणि ती मेंदी-नेलपॉलिशची बोटं तर मोजूच नयेत, दुसरं बोट घ्यावं. कोरोनानंतर आलेली, हवेतून ऑक्सिजन काढून देणारी कॉन्सन्ट्रेटर यंत्रं महिन्यातून एकदा तासभर तरी चालवावी लागतात. खोक्यात बंद राहिली की आमच्या दमट हवेत आतलं झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) ओल धरतं, मग यंत्र चालतं, आवाज करतं, पण नळीतून येतो तो ऑक्सिजन पुरेसा शुद्ध नसतो. पिवळा दिवा लागला म्हणजे तेच. पाच लिटरचं यंत्र साधारण 350 वॅट खातं. 150 अँपिअर-तासांच्या घरगुती बॅटरीवर ते तीन-साडेतीन तास चालेल, तेही बॅटरी नवी असेल तर. आमच्याकडे पावसाळ्यात वीज साडेतीन तासांत येते असं कोणी म्हणत असेल तर त्याने येऊन राहावं.

यावरून सगळ्यात मोठ्या आक्षेपाकडे येतो. आपल्या जिल्हा आराखड्यात पुराचं प्रकरण वेगळं, वादळाचं वेगळं, साथीचं वेगळं. एकाला दुसऱ्याची ओळख नाही. प्रत्यक्षात काय झालं? 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. दापोली-मंडणगडात पत्रे, कौलं, पोफळी आणि विजेचे खांब एकदम झोपले. ज्या घरात कुणी विलगीकरणात होतं त्या घराचं छप्परच गेलं, की मग तो आणि शेजारी एकाच पडवीत. 16 मे 2021 ला तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, ते दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, कोविड रुग्णालयाची वीज गेली, रुग्ण दगावले. चौदा महिन्यांत तीन वेळा. चौथ्यांदा होणार नाही असं समजून पुढचा आराखडा करायचा का? निवारा शाळेत हलवलेल्या लोकांत तापाचा रुग्ण असेल तर त्याला कुठे ठेवायचं, जनरेटर 2005 आणि 2021 च्या पूररेषेच्या वर आहे का, ऑक्सिजनची गाडी आंबा घाट आणि कुंभार्ली दोन्ही बंद असताना कुठून येणार: या तीन प्रश्नांची उत्तरं एकाच पानावर हवीत. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाची सवय गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जायची. 2020 च्या टाळेबंदीत राज्याची हद्द बंद झाली तेव्हा ती सवय पत्रादेवीच्या सीमानाक्यावर अडकली. गोव्याशी रुग्णांपुरता लेखी करार आजच करता येईल. साथीत नाही.

किनाऱ्याचं आणखी एक वेगळेपण म्हणजे मासेमारी. बंदीचे दिवस 1 जून ते 31 जुलै. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नेपाळ, कर्नाटक, उत्तर प्रदेशातून खलाशी येतात आणि ट्रॉलरवर सहा-आठ जण, पर्ससीन जाळ्याच्या बोटीवर त्याहून कितीतरी जास्त, एका केबिनमध्ये झोपतात, एका पिंपातलं पाणी पितात, चार-पाच दिवस जमिनीला पाय लावत नाहीत. एकाला ताप आला तर बाकीचे संपर्कात आलेच, शोधायला नको. नावांची यादी नाखव्याकडे आणि सोसायटीत असतेच. आरोग्य खातं मात्र संपर्कातली माणसं शोधायला बंदरावर येतं ते बोट परत सुटल्यावर. तपासणी शिबिर ऑगस्टच्या मध्यात लावून उपयोग नाही, ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, नारळी पौर्णिमेची गडबड सुरू व्हायच्या आत, बर्फ भरायच्या जेटीवरच लागलं पाहिजे. आणि लिलाव सरसकट बंद करू नका. हर्णैचा लिलाव उघड्या, वाळूच्या पुळणीवर वाऱ्यात होतो, तो जाळी विणायच्या बंद शेडपेक्षा कमी धोक्याचा. टोपली घेऊन वाडीवाडीत जाणाऱ्या बायकांना 2020 मध्ये वेशीवर बांबू आडवे टाकून अडवलं. त्यांचं पोट गेलं, आणि म्हाताऱ्यांची खबर आणणारं रोजचं माणूसही गेलं. कोणाच्या घराचं दार सकाळपासून उघडलेलं नाही, हे आशाच्या आधी मासेवालीला कळतं.

आंबा बागायतीतले नेपाळी गडी आणि रखवालदार, जांभ्याच्या खाणीवरचे मजूर, रायगडात वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं ही माणसं 'एकूण लोकसंख्ये'त कुठेच नाहीत, कारण त्यांचं रेशनकार्ड इथलं नाही. आंब्याची गाडी वाशीहून परत येते तो ड्रायव्हर मात्र इथलाच. मे 2020 मध्ये वाशीचा बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला होता. तोवर किती फेऱ्या झाल्या होत्या कुणास ठाऊक.

तापाबद्दल थोडक्यात. जुलैत भाताच्या लावणीत आलेला ताप कोरोनाचाच असेल असं नाही. लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) आमच्याकडे दरवर्षी असतो. पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात, लघवी कमी होते, आणि दोन दिवस 'कोविड अहवाल येऊ दे' म्हणून थांबलेला रुग्ण मूत्रपिंडावर जातो. दोडामार्गात 2016 पासून गोचिडीतून होणारा माकडताप आहे, तो काजूच्या हंगामात. सुरुवातीला स्वॅब मिरजेला जायचे, तो काळ आठवा. अहवाल येईपर्यंत डॉक्टरने काय गृहीत धरायचं, हे तालुका आणि महिना बघून लिहून ठेवलेलं असावं.

लसीचंही असंच. आजीच्या नावाची नोंद मुलाच्या मोबाइलवर, मुलगा डोंबिवलीत, ओटीपी डोंबिवलीत. आजी केंद्रावर उन्हात, मुलगा लोकलमध्ये, रेंज कोणालाच नाही. त्यातच 18 ते 44 वयाच्या वेळा खुल्या झाल्या तेव्हा शहरातली माणसं नेट लावून गावच्या केंद्रावरच्या वेळा घेऊन गेली आणि गाडीने येऊन टोचून गेली. कोविशिल्डच्या कुपीत दहा डोस, उघडल्यावर चार तासांत संपवायचे. शेजारच्या तीन वाड्यांत साठीवरचे 12, 7 आणि 9 असतील, तर मिळून 28, म्हणजे तीन कुप्या आणि दोन डोस वाया. वाडी-वाडी वेगळी केली तर चार कुप्या लागतात आणि बारा डोस वाया जातात. म्हणून सत्र मधल्या वाडीच्या देवळात, वही कागदाची, नोंद संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर. कॅरियरमध्ये ठेवायचा बर्फाचा पॅक आधी कानाशी हलवून बघायचा, आत पाणी वाजलं की मगच ठेवायचा. दगडासारखा गोठलेला ठेवला तर लस गोठून फुकट जाते. ही एवढी गोष्ट नवीन मदतनिसाला सांगायला कोणीही नसतं.

आणि 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'त 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आशांनी घरोघर जाऊन कोणाला मधुमेह, कोणाला दमा, कोणाचा रक्तदाब, हे लिहून दिलं होतं. त्या वह्या कुठे आहेत? आज नमुन्यात तेच परत विचारलेलंही नाही.

एक अवघड विषय उरतो. रुग्णाच्या घराला विहीर बंद करणं, दळण न घेणं, मर्तिकाला कोणी न जाणं हे आपल्याकडे झालं. गावकीचा शब्द इथे ग्रामपंचायतीपेक्षा लवकर चालतो, चांगल्यालाही आणि वाईटालाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा 2016 चा आहे, तो साथीतही लागू असतो हे गावकीच्या बैठकीत आधी सांगावं, पोलिसांच्या गाडीतून नको.

आमचं मागणं असं. एकपानी नमुना मागे घ्यावा आणि वाडीनिहाय नमुना द्यावा, त्यात माणसं चार महिन्यांची वेगवेगळी लिहायला जागा असावी: जानेवारी, मार्च, मे आणि भाद्रपद. बंद घरांची परवानगीसह यादी आणि मुंबई मंडळांचे संपर्क गणपतीच्या दोन महिने आधी तयार व्हावेत. ऑक्सिजनची नोंद मिनिटांत व्हावी, आणि प्रत्येक केंद्रात महिन्याच्या पहिल्या सोमवारी सिलिंडरचा दाब, चावी, वायसर आणि कॉन्सन्ट्रेटर तपासल्याची सही असावी. पूर-वादळ आणि साथ यांचा एकत्र सराव मे संपायच्या आत एकदा व्हावा. खलाशांची तपासणी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, जेटीवर. 2020 च्या वह्या आशांना परत द्याव्यात. आणि या कामाचे दिवस आशांच्या मानधनात धरावेत. फुकट केलेल्या सर्वेक्षणाचे आकडे कसे निघतात हे आम्हीच जाणतो.

तुमचा नमुना मुदतीत भरून सोबत जोडला आहे. सहा रकाने पुढच्या बाजूला भरले. मागची बाजू कोरी होती, तिथे अकरा वाड्यांची नावं लिहून प्रत्येकीपुढे गाडीरस्त्याचं अंतर, साकव, बंद घरं, साठीवरची माणसं आणि डोलीला मिळतील तेवढे खांदे लिहिले आहेत. चार वाड्यांपुढे शेवटच्या रकान्यात शून्य आहे. तो आकडा भरायचा राहिलेला नाही.

आपले,
किनारपट्टीतले आरोग्य कर्मचारी, आशा आणि ग्राम कृती दलांचे सदस्य